वाचणाऱ्याचे काम झाले पाहिजे

(बालाघाट येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर वाचनावरच बोलावे, असे मी ठरवले. आज आपले सर्वांत निकडीचे वाचन मोबाइलच्या पडद्यावर होते. धान खरेदीची नोंदणी कधीपासून, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागते, गोंदियाच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, हे सगळे आपण संकेतस्थळांवर शोधतो. तिथला मजकूर कसा लिहिलेला असावा, हा माझा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. संकेतस्थळावरच्या मजकुराची कसोटी एकच: वाचायला आलेल्या माणसाला, दुसऱ्या कोणाच्या हातापाया न पडता, आपले काम पुरे करता आले का? आले असेल तर मजकूर चांगला. आले नसेल, तर भाषा कितीही शुद्ध असो, सजावट कितीही देखणी असो, तो मजकूर फसला.

हा विषय बालाघाटात मांडावा असे वाटण्यामागे कारण आहे. १८६७ साली मंडला, भंडारा आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, आणि १९५० नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ पडली, सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. लेकी गोंदिया, आमगाव, तुमसरला दिलेल्या आहेत, तिकडच्या लेकी इकडे सुना म्हणून आल्या आहेत. घरात पोवारी, मराठी किंवा गोंडी, शाळेत आणि तहसिलीत हिंदी, आणि दवाखाना, कॉलेज, बाजार यांच्यासाठी पुन्हा मराठी मुलूख. अशा घराला दोन राज्यांची संकेतस्थळे उघडावी लागतात. वडिलांच्या पश्चात शेत नावावर करायचे असेल तर इकडे पटवारी, खसरा आणि नामांतरण; पलीकडे तलाठी, सातबारा आणि फेरफार. काम तेच, पण एका बाजूची व्यवस्था अंगवळणी पडलेला माणूस दुसऱ्या बाजूच्या पानावर परका होतो.

लिहिणारा बहुतेक वेळा असे धरून चालतो, की वाचणाऱ्याला व्यवस्था ठाऊकच आहे. पुण्याच्या वाचकापुढे हे कदाचित खपून जाईल. बालाघाटच्या वाचकापुढे ते एका ओळीतही टिकत नाही. म्हणून मी म्हणते, की सीमेवरचा वाचक ही मजकुराची खरी परीक्षा आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. जो साक्षर आहे त्यालाही सरकारी वाक्य समजतेच असे नाही, आणि ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. तो वाचून दाखवणाराही अडखळू नये, एवढा मजकूर सरळ हवा.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. विदर्भातल्या महानुभाव पंथाची आठवण इथे अगत्याने येते. चक्रधरस्वामींनी मराठीत निरूपण केले. पुढे केशोबास आणि दामोदरपंडित यांच्यासारखे संस्कृतचे जाणकार पंथात आले, तेव्हा स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी त्यांना बजावले, की स्वामींनी मला मराठीतच शिकवले, तुम्हीही मराठीतच विचारा. पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. पंथातल्या साध्यासुध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकू नयेत, ही त्यामागची काळजी होती. 'लीळाचरित्र' लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी तर गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याच तोंडून आठवणी गोळा केल्या. तेराव्या शतकातल्या या माणसांना दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या: कोणासाठी लिहायचे ते आधी ठरवा, आणि जे लिहायचे त्याची पुरती चौकशी करा. संकेतस्थळावरच्या लेखनाला आजही हेच दोन नियम पुरतात. बाकीचे सगळे त्यांतून निघते.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करू, कारण तिथेच सर्वाधिक घोटाळा होतो. आपल्या ओळखीची एक सूचना मी नमुन्यादाखल तयार केली आहे. ऐका:

"सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, उपरोक्त योजनेअंतर्गत लाभ अनुज्ञेय होण्यासाठी विहित नमुन्यातील परिपूर्ण अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील."

हे वाक्य अवघड का आहे? शब्द जड आहेत हे खरे. पण शब्द हलके करून पाहा: "योजनेचा फायदा हवा असेल तर ठरलेल्या नमुन्यात, लागतील त्या कागदांसह, योग्य अधिकाऱ्याकडे, ठरलेल्या वेळेत अर्ज करा." आता प्रत्येक शब्द कळतो, आणि तरीही काम होत नाही. कोणता नमुना? कोणते कागद? कोणता अधिकारी? कोणती तारीख? वाचणाऱ्याला ज्या चार गोष्टी हव्या होत्या, त्या चारही वाक्यात नाहीत. 'विहित', 'आवश्यक', 'सक्षम' या शब्दांच्या आड त्या दडलेल्या नव्हत्या, लिहिणाऱ्याने त्या विचारूनच घेतल्या नव्हत्या.

तीच सूचना अशी लिहिता येते:

"शिष्यवृत्तीचा अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत द्या. अर्ज तुमच्या कॉलेजच्या कार्यालयात मिळेल आणि तिथेच द्यायचा आहे. सोबत तीन कागद लागतील: उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. फी नाही. अर्ज दिल्यावर पोच मागून घ्या."

हे लिहायला भाषेवर प्रभुत्व लागत नाही. लिहिण्याआधी संबंधित बाबूकडे जाऊन पाच प्रश्न विचारावे लागतात, आणि खरे कष्ट तिथे आहेत. दुर्बोध मजकुराचे मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या चौकशीत असते, आणि जड भाषा त्या उणिवेवर पांघरूण घालते. म्हणून एखाद्या पानाची भाषा सुधारायला सांगितली, तर शब्दकोश उघडण्याआधी माहिती कोणाकडे आहे ते विचारा.

या चौकशीच्या बाजूने कायदाही उभा आहे. नागरिकाला ठरावीक दिवसांत सेवा मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हमी कायदा २०१० साली करणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ साली केला. सेवा किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याकडून, आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे या कायद्यांचे हृदय आहे. म्हणजे दिवस, अधिकारी आणि अपील या तीन गोष्टी ज्या पानावर नाहीत, ते पान नागरिकाला त्याचा हक्कच सांगत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ मधले कलम ४ सांगते, की कार्यालयांनी आपणहून जी माहिती प्रसिद्ध करायची, ती करताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सर्वाधिक परिणामकारक ठरणाऱ्या माध्यमाचा विचार करावा. आणि राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला आपली तक्रार संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार देते. सोप्या मजकुराची मागणी करणारा माणूस उपकार मागत नसतो, एवढे या तरतुदींवरून लक्षात यावे.

आता पहिला नियम: कोणासाठी लिहायचे. पडद्यावर वाचणारा माणूस पुस्तक वाचावे तसे ओळीमागून ओळ वाचत नाही. याकोब नील्सन या संशोधकाने १९९७ मध्येच निरीक्षणांतून दाखवले, की बहुसंख्य लोक पानावरून नजर फिरवतात, आणि आपल्या कामाचा शब्द दिसला तरच थांबतात. मोबाइलवर तर पहिल्या नजरेत मोजक्याच ओळी मावतात. आपल्याकडे मात्र त्या ओळी मान्यवरांची छायाचित्रे, प्रेरणास्थाने आणि स्वागतपर निवेदन यांत खर्ची पडतात. शेतकरी उन्हात उभा राहून, हाताने पडद्यावर सावली धरून तारीख शोधत असतो. त्याला ती सर्वांत वर मिळाली पाहिजे. निवेदन नंतर असू द्या.

यावरून लिहिण्याचा क्रम आपोआप ठरतो. उत्तर आधी, कारण मागाहून. एका परिच्छेदात एकच गोष्ट. मथळा असा, की तो वाचूनच खाली काय आहे ते कळावे: 'महत्त्वाची माहिती' असा मथळा काहीच सांगत नाही, 'अर्ज नामंजूर झाला तर काय करावे' हा सांगतो. तारीख ५/६ अशी लिहू नका, ५ जून असे लिहा आणि वर्षही लिहा, कारण पाने वर्षानुवर्षे तिथेच पडून असतात. 'करण्यात येईल' म्हणण्याऐवजी कोण करील ते सांगा. अर्जाच्या चौकटीत इंग्रजी अंकच चालत असतील तर तसे चौकटीच्या शेजारी लिहा. सीमेवरच्या माणसासाठी 'फेरफार' या शब्दाशेजारी 'नामांतरण' हा शब्दही एकदा द्या, म्हणजे शोधणाऱ्याला पान सापडेल आणि सापडल्यावर ते आपलेच आहे असे कळेल.

हे फक्त सरकारी कामापुरते नाही. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या शेतकरी गटाने तो विकण्यासाठी पान तयार केले, तर मोह होतो वैनगंगेच्या पाण्याचे आणि सुवासाचे वर्णन आधी करण्याचा. ते वर्णन जरूर करा, त्यात अभिमानाची गोष्ट आहे. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला आधी कळले पाहिजे: किलोचा भाव काय, पिशवी किती किलोची, तांदूळ नवा की जुना, पोचायला किती दिवस, पोचवण्याचा खर्च कोणाचा, आणि बोलायचे तर कोणत्या वेळेत फोन करायचा. एवढे नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि आपल्याला कळतही नाही की ते येऊन गेले.

श्रोतेहो, आता मी ज्या वाचकांबद्दल बोलणार आहे, ते डोळ्यांनी वाचत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी सुमारे ५० लाखांचे अपंगत्व दृष्टीचे होते. अंध माणूस संकेतस्थळ ऐकतो. स्क्रीन रीडर नावाची प्रणाली पडद्यावरचा मजकूर त्याला वाचून दाखवते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' नावाचा असा स्क्रीन रीडर तयार करायला घेतला. तो मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. म्हणजे साधन हाताशी आहे. अडचण आपल्या मजकुरात आहे.

ती अडचण जवळून पाहू. हिंदी पट्ट्यातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे 'कृतिदेव' फाँट चालला. त्यात टंकलेला 'मध्य' हा शब्द आपल्या डोळ्यांना 'मध्य'च दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तिथे इंग्रजी 'ई' अक्षर, एक तिरपी रेघ आणि एक अर्धविराम असतो. वर देवनागरी अक्षरांचे फक्त चित्र चढवलेले असते. स्क्रीन रीडर जे आहे ते वाचतो: 'ई, स्लॅश, सेमीकोलन'. अख्खे पान असेच ऐकू येते. मराठीतल्या जुन्या फाँटांचीही हीच गत होती. युनिकोड या संगणकीय अक्षर-मानकात देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. त्यात लिहिलेला 'मध्य' डोळ्यांना, कानांना आणि शोधयंत्राला सारखाच 'मध्य' असतो. म्हणून जुन्या फाँटात प्रसिद्ध झालेले प्रत्येक पान युनिकोडमध्ये आणणे हे अंध वाचकासाठी दार उघडण्याचे काम आहे, आणि त्याच दाराने डोळस वाचकालाही ते पान शोधात सापडू लागते.

दुसरी अडचण छायाप्रतींची. शासन निर्णय किंवा निवड यादी कागदावर छापायची, शिक्का मारायचा, तिचा फोटो काढून चढवायचा, ही आपली रीत झाली आहे. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरे चित्र आहे. मोबाइलवाल्यालाही ते बोटांनी ताणून, डावीउजवीकडे सरकवत वाचावे लागते. शिक्क्याची प्रत ठेवा, पण तोच मजकूर पानावर लिहून द्या.

तिसरी अडचण दुव्यांची. अंध वाचक पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी एकत्र ऐकू शकतो, आणि 'एच' ही एकच कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जाऊ शकतो. डोळस माणूस नजर फिरवतो, तसाच हा कान फिरवतो. पण दुव्यांवर लिहिलेले असते 'येथे क्लिक करा'. यादी ऐकली तर येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा एवढेच कानी पडते. दुव्यावर 'उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज' असे लिहायला एक पैसाही पडत नाही. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, तो मथळा आहे असे संगणकाला सांगावे लागते. छायाचित्राला वर्णनाची ओळ द्यावी लागते. आणि पानाची भाषा कोणती तेही नोंदवावे लागते. देवनागरी हिंदीची आणि मराठीचीही. मराठी पानावर हिंदीची नोंद राहिली, तर मराठी मजकूर हिंदी वळणाने कानावर पडतो. दोन भाषांच्या या जिल्ह्यात तर ही नोंद विसरून चालणारच नाही.

या गोष्टींचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून आहेत, त्यांची ताजी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा, इथपर्यंत ते स्पष्ट आहेत. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालची, तिसरी आवृत्ती २०२३ ची. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे करण्याची जबाबदारी घालतो. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे नियम शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत पापण्या मिटवून दाखवायला सांगितले जात होते, आणि ज्यांना ते शक्य नव्हते त्यांचे काम अडत होते. अंध व्यक्तींचीही तीच अडवणूक होत होती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि ग्रामीण भागातले लोक, ज्येष्ठ नागरिक आणि भाषिक अल्पसंख्याक यांचाही त्यात विचार केला. बालाघाटचा मराठी माणूस या तिन्हींत मोडू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे: सोपे लिहिले की नेमकेपणा जातो, भाषेची उंची घटते. कायद्याच्या शब्दाला पर्याय देऊ नये हे मला मान्य आहे. 'फेरफार' म्हणजे फेरफारच. पण तो शब्द पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात त्याचा अर्थ सांगितला, तर नेमकेपणा वाढतोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. गहन विषय, तज्ज्ञ लेखक, आणि वाचक मात्र सामान्य मराठी माणूस, हे त्या प्रकल्पाचे गृहीतच होते. इंग्लंडमध्ये क्रिसी माहेर या लिव्हरपूलच्या बाईंनी, ज्यांना स्वतःला किशोरवयापर्यंत नीट वाचता येत नव्हते, १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात दुर्बोध सरकारी अर्जांचे तुकडे केले आणि सोप्या इंग्रजीची चळवळ उभी केली. त्याच देशाने २०१२ मध्ये सरकारी माहिती एका संकेतस्थळावर आणायला सुरुवात केली, ती नागरिकाला काय हवे आहे ते आधी तपासूनच. तिथल्या भाषेची उंची त्यामुळे घटली नाही. आपलीही घटणार नाही.

शेवटी कामाचे बोलते. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, पटवारी आहेत, कॉलेजची मुले-मुली आहेत. माझी विनंती आहे, की या व्याख्यानमालेच्या मंडळाने एक पान तयार करावे: वडिलोपार्जित शेत सीमेपलीकडे असेल तर ते वारसांच्या नावावर कसे करायचे. मराठीत आणि हिंदीत, दोन्ही राज्यांची पद्धत शेजारी-शेजारी. कोणाकडे जायचे, कोणते कागद, किती फी, किती दिवस, नकार मिळाला तर अपील कोणाकडे. वकिलांनी माहिती तपासावी, शिक्षकांनी वाक्ये तपासावीत, मुलांनी युनिकोड, मथळे आणि दुवे सांभाळावेत. पान कधी तपासले ती तारीख वर लिहावी, आणि दर सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने ठरवावी.

पान तयार झाले, की प्रसिद्ध करण्याआधी ते तीन प्रकारच्या वाचकांच्या हाती द्या: ज्याचे हे काम खरोखर अडलेले आहे असा शेतकरी, घरी पोवारी बोलणारी एखादी आजी आणि तिला वाचून दाखवणारे नातवंड, आणि स्क्रीन रीडर वापरणारा एक अंध वाचक. त्यांच्या शेजारी बसा, पण मधे बोलू नका. बोट जिथे थांबेल, जिथे ते तुमच्याकडे बघतील, तिथली ओळ बदला. त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही, की पान प्रसिद्ध करा, आणि मग दुसऱ्या पानाला हात घाला. पहिल्या पानाचे काम उद्यापासून सुरू करता येईल. माहिती गोळा करायला आणि मजकूर लिहायला मी तुमच्याबरोबर बसायला तयार आहे.